निःशब्द रेषेचे हास्य : चित्रकार शि. द. फडणीस

वर्तमानपत्रात किंवा मासिकात विनोदी चित्र दिसले की आपण त्यास सरसकट व्यंगचित्र म्हणतो. वास्तविक ह्या एका नावाखाली तीन-चार निरनिराळे प्रकार नांदत असतात. एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचे नाक, हनुवटी किंवा मिशा मुद्दाम वाढवून तिचा स्वभाव जणू पिळून काढावयाचा, हे अर्कचित्र. राज्यकारभारातील विसंगतीवर बोट ठेवावयाचे आणि खाली एखादे झोंबणारे वाक्य लिहावयाचे, हे राजकीय व्यंगचित्र. चौकटीमागून चौकट मांडून आणि पात्रांच्या तोंडाजवळ शब्दांचे फुगे काढून गोष्ट सांगावयाची, ही चित्रकथा; 'अमर चित्रकथे'च्या पुस्तिका १९६७ पासून निघू लागल्या आणि घरोघर पोहोचल्या, त्यामुळे हा प्रकार तर आपल्या चांगल्याच परिचयाचा आहे. ह्या सर्वांहून वेगळा असा आणखी एक प्रकार आहे. त्यात कोणी पुढारी नसतो, चौकटींची मालिका नसते आणि पुष्कळदा एक अक्षरदेखील नसते. एकच चित्र, ते पाहावयाचे, क्षणभर थांबावयाचे आणि हसावयाचे. ह्याला हास्यचित्र हे नाव अधिक शोभते. मराठीत ह्या प्रकाराला ज्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली त्यांत अग्रभागी असलेले शिवराम दत्तात्रेय फडणीस हे आपल्याच बेळगाव जिल्ह्याचे. गुंजीच्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

निपाणीजवळचे भोज हे त्यांचे जन्मगाव आणि २९ जुलै १९२५ हा त्यांचा जन्मदिवस. आपले गुंजी जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, लोंढ्याच्या वाटेवरचे, जंगलाचे आणि भातशेतीचे गाव. भोज पार वायव्येच्या बाजूला, दूधगंगा-वेदगंगेच्या ऊस-तंबाखूच्या मुलखात. एकाच जिल्ह्याची ही दोन टोके. फडणीस जन्मले तेव्हा हा सारा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. ही नोंद येथे करण्याचे कारण पुढे, पाठ्यपुस्तकांचा विषय निघेल तेव्हा, वाचकांस कळेल.

त्यांचे शालेय शिक्षण कोल्हापुरास झाले. ते शहर त्या काळी चित्रकारांचे शहर म्हणून गाजत होते. आबालाल रहिमान ह्यांची निसर्गचित्रे आणि बाबुराव पेंटर ह्यांचे पडदे व चित्रपट ह्यांची कीर्ती तेथे दुमदुमत होती, आणि चित्रे काढणारा मुलगा म्हणजे वाया गेलेला मुलगा, असे समजण्याची रीत निदान त्या एका गावात तरी थोडी कमी असावी! कोल्हापुराहून फडणीस मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत गेले व तेथून त्यांनी १९४९ मध्ये व्यापारी कलेची पदविका मिळविली. ह्या शिक्षणाचा त्यांच्या शैलीशी फार जवळचा संबंध आहे, असे मला वाटते. व्यापारी कला म्हणजे जाहिराती, वेष्टने, भित्तिपत्रके ह्यांची कला. रस्त्याने घाईत चाललेल्या माणसाला एका दृष्टिक्षेपात काय ते समजले पाहिजे, ही तिची पहिली अट. जे अनावश्यक ते पुसून टाकावयाचे, ही दुसरी. फडणीसांनी पुढे साबण किंवा तेल विकण्याऐवजी हसू वाटले, परंतु त्या दोन्ही अटी त्यांनी जन्मभर पाळल्या.

आता ज्या मासिकांतून त्यांचे नाव झाले त्यांच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने पाडली. पुढे हे अंक म्हणजे दिवाळीच्या फराळाइतकीच आवश्यक वस्तू होऊन बसली आणि मुखपृष्ठ पाहून अंक उचलला जाऊ लागला. मुखपृष्ठावर बहुधा एखादी रूपवती असे. हातात पणती, केसांत गजरा, अंगावर भरजरी शालू. मडगावला जन्मलेले दीनानाथ दलाल हे ह्या कामातले थोर चित्रकार. त्यांच्या कुंचल्याने मराठी घरांना रंगांची गोडी लावली. अनंत अंतरकर हे 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' ह्या मासिकांचे संपादक. त्यांनी तरुण फडणिसांमधील विनोदाची शक्ती ओळखली आणि मुखपृष्ठाची मानाची जागाच ह्या विनोदाला देऊन टाकली. सुंदर स्त्रीच्या चित्राऐवजी एक विनोद, आणि तोही विनाशब्द, अंकाच्या दर्शनी भागावर छापावयाचा, ह्यात संपादकाचे धाडस होते. अंक खपला नाही तर तोटा चित्रकाराचा होत नाही!

१९५२ च्या 'मोहिनी' दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ हे ह्या धाडसाचे सर्वांत प्रसिद्ध फळ होय. चित्र अगदी साधे आहे. एक तरुण आणि एक तरुणी. तरुणीच्या साडीवर मांजरांची नक्षी आहे आणि तरुणाच्या सदऱ्यावर उंदरांची. बस्स, एवढेच. हे चित्र प्रसिद्ध होऊन सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. ज्यांनी तो अंक हातात घेतला त्यांची नातवंडे आता नोकरीला लागली असतील. तरी विनोदी चित्रांविषयी बोलताना मराठी माणूस अजून ह्याच चित्राची आठवण काढतो. असे काय आहे त्यात?

विद्यार्थिमित्रहो, हे चित्र मनात उभे करा आणि त्यात थोडे फेरफार करून पाहा. साडीवरची मांजरे काढून तेथे फुले घाला. विनोद नाहीसा झाला. मांजरे ठेवा, पण सदऱ्यावर उंदरांऐवजी मासे घाला. मांजराला मासाही प्रियच. परंतु मासा पळत नाही, भीत नाही, आणि मांजर-मासा अशी जोडी आपल्या बालपणीच्या गोष्टींत मुरलेली नाही. म्हणून हसू अर्धेच येते. आता अदलाबदल करा : तरुणाच्या सदऱ्यावर मांजरे आणि तरुणीच्या साडीवर उंदीर. हसण्याऐवजी मनाला किंचित अस्वस्थ वाटू लागते, कारण आता दांडगा दुर्बळाच्या मागे लागलेला दिसतो. मूळ चित्रात ऐटबाज तरुण उंदीर ठरतो आणि लाजरीबुजरी म्हणून समजली जाणारी तरुणी मांजर ठरते. नेहमीची समजूत उलटी झाली म्हणून हसू आले, आणि ती उलटताना कोणालाही बोचले नाही म्हणून ते हसू निर्मळ राहिले. नक्षीचे दोन लहान तुकडे आणि त्यांची नेमकी जागा, एवढ्यावर सारा डोलारा उभा आहे. त्यातली एक वीट हलविली की तो कोसळतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे चित्र आपल्याला दोनदा दिसते. प्रथम दिसतात ती दोन माणसे. कापडावरील नक्षी डोळ्यांना दिसत असते, पण मन तिची दखल घेत नाही. कापडावर नक्षी असावयाचीच, असे ते समजून चालते. मग एकाएकी ती नक्षी जिवंत होते आणि तेच चित्र निराळे होऊन समोर येते. ह्या दोन दर्शनांमधला जो अर्धा-एक क्षण, तो हास्यचित्रकाराचा खरा माल. तो क्षण फार लांबला तर वाचक कंटाळून पान उलटतो. फारच आखूड झाला तर चित्र बाळबोध वाटते. चित्राखाली ओळ लिहिली असती तर ओळ वाचण्यातच तो क्षण खर्च झाला असता, आणि शोधाचा आनंद वाचकाचा न राहता चित्रकाराचा झाला असता. फडणीस आपल्या मुखपृष्ठांवर शब्द का टाळतात, ह्याचे उत्तर मला येथे सापडते. ओळ लिहिणे त्यांना जड नव्हते. वाचकाचा वाटा वाचकालाच मिळावा, एवढीच त्यांची इच्छा दिसते.

त्यांची रेषा पाहावी. बारीक, एकसारख्या जाडीची, न थरथरणारी, आपले वळण पुरे करून जागच्या जागी मिटणारी अशी ती असते. तिच्या कुंपणात सपाट, स्वच्छ रंग भरलेला असतो. छाया-प्रकाशाचा खेळ नाही, कुंचल्याचा फटकारा नाही. पहिल्याने वाटते, हे तर कोणीही काढील. ज्याला तसे वाटत असेल त्याने वहीच्या कागदावर एक वर्तुळ आणि त्यात पाच रेषांत एक हसतमुख चेहरा काढून पाहावा, आणि मग त्याच पाच रेषांत तोच चेहरा हिरमुसलेला करून दाखवावा. ठळक रेषेच्या गोंधळात चूक लपते. बारीक एकेरी रेषेत ती उघडी पडते.

ह्या शैलीला त्या काळच्या छपाईचीही संगत होती. मासिके तेव्हा शिशाचे खिळे जुळवून छापली जात आणि चित्रासाठी जस्ताच्या पत्र्याचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करावा लागे. चित्राचे छायाचित्र पत्र्यावर उतरवून रेषांखेरीज उरलेला भाग आम्लाने कोरून खोल करीत. जी रेषा उंच राही तिलाच शाई लागे. अशा ठशाला शाई एक तर लागते किंवा लागत नाही, मधली करडी छटा त्याच्यापाशी नाही. छटा हवी असल्यास बारीक ठिपक्यांचा हाफटोन ठसा करावा लागे आणि स्वस्त, खरखरीत कागदावर तो पुष्कळदा गढूळ उमटे. स्वच्छ रेषा आणि सपाट रंग मात्र साध्या कागदावरही टवटवीत दिसत. आज संगणकावर पाहिजे ती छटा मिळते, ठसे इतिहासजमा झाले. तरीही फडणीसांची जुनी चित्रे शिळी दिसत नाहीत. त्यांची उणीव छपाईने झाकलेली नव्हती, हेच त्याचे कारण.

शब्दांवाचून हसविणे ही गोष्ट आपल्या भागात विशेष मोलाची आहे. येथील मुलाच्या कानावर घरी मराठी, बाजारात मराठी-कानडी, लोंढ्याच्या गाडीत कोंकणी आणि दूरदर्शनवर हिंदी पडते. दुकानाची पाटी कोणत्या लिपीत असावी ह्यावरून येथे मोठमोठी माणसे हमरीतुमरीवर येतात. मांजर-उंदराच्या त्या चित्राला कोणतीच पाटी नाही. ते निपाणीच्या मराठी आजीला, बैलहोंगलच्या कानडी आजोबांना आणि मडगावच्या कोंकणी मुलाला सारखेच आणि एकाच क्षणी कळेल. त्याचे भाषांतर करावे लागणार नाही आणि भाषांतरात त्याची चवही जाणार नाही. मात्र शब्द नाहीत म्हणजे त्या चित्राला गाव नाही, असे कोणी समजू नये. नक्षीच्या साडीने अंग वेढलेली स्त्री ज्याने कधी पाहिलीच नाही, त्याला 'नक्षी असावयाचीच' ही पहिली समजूत होणार नाही, आणि मग दुसरे दर्शनही तितक्या झटक्याने होणार नाही. चित्र निःशब्द असले तरी ते आपल्याच ओसरीवर बसलेले असते.

ह्यापुढची हकीकत गणिताची आहे, आणि मला ती मुखपृष्ठांच्या हकीकतीइतकीच महत्त्वाची वाटते. महाराष्ट्र राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे 'बालभारती'ची, स्थापना १९६७ मध्ये झाली. १९७० च्या दशकात प्राथमिक इयत्तांच्या गणिताच्या पुस्तकांसाठी मंडळाने फडणीसांकडून चित्रे काढून घेतली. गणित आणि हास्यचित्र! गणिताच्या तासाला हसणाऱ्या मुलाला बाकावर उभे करण्याचा तो जमाना. परंतु थोडा विचार केला तर ह्या दोहोंचे नाते जवळचे आहे. पाठ्यपुस्तकातले साधे चित्र पाच आंबे दाखविते आणि खाली '५ आंबे' असे लिहिते. मुलाला करण्यासारखे काही उरत नाही. हास्यचित्र मुलाला कामाला लावते. उदाहरणादाखल माझीच एक कल्पना सांगतो. आई बारा लाडवांचे ताट ठेवून आत गेली आहे, ताटात आता नऊच लाडू आहेत, आणि शेजारी बसलेल्या बंडूचे गाल टम्म फुगलेले आहेत. मूल प्रथम बंडूला पाहून हसेल, मग ताटातले लाडू मोजील आणि वजा करील, आणि त्याने वजाबाकी केली हे त्याला सांगावेसुद्धा लागणार नाही. चित्रातील दोन गोष्टींचा परस्परसंबंध ओळखणे, हेच हास्यचित्र समजणे. आणि दोन संख्यांचा परस्परसंबंध ओळखणे, हेच गणित. मांजर आणि उंदीर ही जोडी ज्याने नेमकी मांडली त्याच्याकडे वजाबाकी सोपविणाऱ्या माणसांना आपला चित्रकार चांगलाच कळला होता.

येथे एक खंत नोंदविणे प्राप्त आहे. ही पुस्तके महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाची. कर्नाटकातील मराठी शाळांना कर्नाटक शासनाने मराठीत काढलेली पुस्तके नेमलेली असतात. त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सावंतवाडीकडील मुले ज्या चित्रांवरून बेरीज शिकली, ती चित्रे ज्या भोज गावात त्यांचा चित्रकार जन्मला तेथील शाळेच्या दप्तरात असावयाचे कारण नव्हते, आणि गुंजीच्या दप्तरातही नव्हते. ह्यात कोणाचा दोष शोधीत बसण्यात अर्थ नाही. राज्ये निराळी झाली की पुस्तके निराळी होणारच. शब्दांची सीमा नसलेली चित्रे पुस्तकाच्या सीमेपाशी थांबली, एवढी गंमत मात्र खुद्द फडणिसांच्या कुंचल्याला शोभण्यासारखी आहे.

त्यांचे इतर काम थोडक्यात सांगतो. पु. ल. देशपांडे ह्यांच्या 'अपूर्वाई' ह्या प्रवासवर्णनात फडणीसांची रेखाचित्रे आहेत. तेथे शब्द आधीच भरपूर हसविणारे. त्यांच्याशी स्पर्धा न करता चित्राने आपले वेगळे हसू राखावयाचे, हे काम वाटते त्याहून अवघड. 'हसरी गॅलरी' ह्या नावाने त्यांनी आपल्या मूळ चित्रांची प्रदर्शने भरविली, तेव्हा अंकाच्या पानावर पाहून बाजूस ठेवली जाणारी वस्तू कलादालनाच्या भिंतीवर मानाने लागली. 'चित्रहास' ह्या कार्यक्रमात ते रंगमंचावरून चित्रे दाखवीत आणि त्यांची घडण प्रेक्षकांना उलगडून सांगत. २००१ मध्ये बंगळूरच्या व्यंगचित्रकारांच्या संस्थेने त्यांना जीवनगौरव दिला. आपल्या आठवणींच्या पुस्तकास त्यांनी 'रेषाटन' असे नाव दिले. देशाटनातला 'देशा' काढून त्या जागी 'रेषा' बसविला की झाले. दोन अक्षरांची अदलाबदल आणि नवा अर्थ, ही त्यांची चित्रातली युक्ती शब्दांतही चालते. त्यांच्या पत्नी शकुंतला फडणीस ह्याही लेखिका. मुलांसाठी आणि विनोदी असे लेखन त्यांनी केले.

फडणीसांच्या कलेवर एक आक्षेप घेतला जातो, तोही येथे मांडला पाहिजे. तो असा की ह्या विनोदाला दात नाहीत. त्याच काळात आर. के. लक्ष्मण ह्यांचा चौकटीच्या कोटातला सामान्य माणूस रोज सकाळी सरकारची झाडाझडती मुकाट्याने पाहत उभा राहत होता. १९६० मध्ये निघालेल्या 'मार्मिक' साप्ताहिकातील चित्रांनी महाराष्ट्राचे राजकारण ढवळले. गोव्याचे मारिओ मिरांडा ह्यांच्या गर्दीने ओसंडणाऱ्या चित्रांतही समाजाला चिमटे असत. फडणीसांच्या चित्रात मात्र मंत्री नाहीत, मोर्चे नाहीत, महागाई असली तर ती भाजीच्या पिशवीइतकीच. हे खरे आहे. पण दात नसणे म्हणजे धैर्य नसणे, हा निष्कर्ष मला मान्य नाही. जर्मनीत एरिख ओझर नावाच्या चित्रकाराला नाझींची टर उडविली म्हणून आपल्या नावाने चित्रे छापण्यास बंदी झाली. तेव्हा त्याने ई. ओ. प्लाउएन ह्या टोपणनावाने एक जाडा बाप आणि त्याचा खोडकर लेक ह्यांची निःशब्द चित्रमाला १९३४ ते १९३७ ह्या काळात काढली. तीत राजकारणाचा लवलेश नव्हता. पुढे १९४४ मध्ये त्याला पकडण्यात आले आणि कैदेतच त्याचा अंत झाला. त्याची राजकीय चित्रे आज अभ्यासकांपुरती उरली. बाप-लेक मात्र अजून मुलांच्या हातांत आहेत. रोजच्या राजकारणावरील चित्र दुसऱ्या दिवशी समजण्यासाठी कालचे वर्तमानपत्र लागते, मांजर-उंदरासाठी ते लागत नाही. दोन्ही प्रकार हवेत. पण एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजू नये.

२९ जुलै २०२५ रोजी फडणीसांच्या जन्माला शंभर वर्षे पुरी झाली. त्यांची चित्रे प्रत्यक्ष पाहण्याची ज्यांना इच्छा होईल त्यांच्यासाठी एक सूचना आहे. आपल्याकडील पुष्कळ घरांतून आई, काकू, वहिनी ह्यांचे माहेर चंदगड, आजरा, गडहिंग्लज ह्या बाजूचे असते. त्यांच्यापैकी ज्या १९७० नंतरच्या काळात तिकडील प्राथमिक शाळेत शिकल्या, त्यांना गणिताच्या पुस्तकातील चित्रे आठवतात का, हे अवश्य विचारावे. आजोळी सुटीत गेलात तर माळ्यावरची जुनी ट्रंकही उघडून पाहावी. दिवाळी अंक आणि शाळेची पुस्तके रद्दीत घालण्याचा धीर न होणारी माणसे अजून काही घरांतून आहेत.